मनाचे आजार आणि त्यांवरील उपचार

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेने जाताना एक वाक्य आमच्या कानी वरचेवर पडते. खेळात कोणी भलतीच चूक केली, किंवा एखादा मुलगा एकटाच बसून स्वतःशी पुटपुटू लागला, की दुसरा ओरडतो, "याला येरवड्याला पोचवा रे!" सर्व हसतात, ज्याला उद्देशून म्हटले तोही हसतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा आम्हीही हेच म्हणत असू, त्यामुळे केवळ मुलांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु वेड्यांच्या इस्पितळाचे नाव घेण्यासाठी पुण्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते, ही गोष्ट त्या हसणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास ठाऊक असते. एके काळी असे इस्पितळ आपल्या जालन्यातच होते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मनोरुग्णांस प्रथम चंचलगुडा येथील तुरुंगाच्या आवारात ठेवीत. पुढे त्यांच्यासाठी जालन्यास निराळी व्यवस्था झाली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातील रोगी येथे आणले जाऊ लागले. १९५३ साली हे रुग्णालय हैदराबादेस, एर्रागड्डा येथे, हलविण्यात आले व तेथे ते आजही चालू आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी जालना मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे रुग्णालय एका राज्यात गेले व गाव दुसऱ्या राज्यात राहिले. पुढे कित्येक दशके मराठवाड्यातील माणसास शासकीय मनोरुग्णालयाची गरज पडली, तर त्याला नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा या चार दूरच्या ठिकाणांकडे पाहावे लागे. यांपैकी नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे व ठाण्याचे १९०१ चे. अलीकडच्या वर्षांत जालन्यात पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तुरुंगाच्या आवारातून रुग्णालयात, हा प्रवास कागदोपत्री शंभर वर्षांपूर्वीच झाला. आपल्या बोलण्यात व आपल्या मनात तो अजून झालेला नाही. मनाचा रोगी म्हणजे जणू अपराधीच, आणि त्याचे घर म्हणजे कलंकित घर, ही समजूत अद्याप टिकून आहे. या समजुतीचा परिणाम किती प्रत्यक्ष असतो, हे सांगण्यासाठी आमच्याच हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना, आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. शेतकऱ्याचा मुलगा, गणितात हुशार, अक्षर वळणदार. दिवाळीनंतर तो रोज उशिरा येऊ लागला. त्याची वही पाहावी तर एकेका उदाहरणाच्या जागी कागद खोडून खोडून फाटलेला. हातांची कातडी पांढरी पडून भेगाळलेली. परीक्षेत पहिला प्रश्न सोडविता सोडविता तीन तास संपले. आम्ही त्यास आळशी म्हटले, वर्गाबाहेर उभे केले, आणि वडिलांना बोलावून, "मुलाकडे लक्ष द्या, तो ढोंग करतो आहे," असेही सांगितले. पुष्कळ दिवसांनी त्याने एकदा हळूच सांगितले, की आकडा नीट वळला नाही तर घरी आईला काही तरी होईल असे त्याला वाटते. तसे होणार नाही हे समजते, पण वाटणे थांबत नाही. म्हणून तो खोडतो. हात धुण्याचेही तसेच. हे ऐकूनही आम्ही त्यास एवढेच म्हणालो, "मन घट्ट कर." ज्याचा पाय मोडला आहे त्याला नीट चाल म्हणून सांगावे, तसाच तो उपदेश होता. त्या मुलाचे पुढे काय झाले ते योग्य स्थळी सांगू.

आता मूळ विषयाकडे वळू. मन आजारी पडते म्हणजे काय? आपल्या जिल्ह्याला मनाचा विचार नवा नव्हे. 'मनाचे श्लोक' रचणारे समर्थ रामदास १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील जांब गावी जन्मले. परंतु मनाला उपदेश करणे व मनाला औषध देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्राचीन वैद्यांसही ठाऊक होते. चरकसंहितेत उन्माद व अपस्मार यांची स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. दुःख, भीती, संशय, राग हे सर्वांच्या मनात येतात आणि जातात. त्यांस आजार म्हणत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे हा आजार नव्हे. घरात कोणी वारले म्हणून महिना दोन महिने जेवणावरून मन उडणे हाही आजार नव्हे. परंतु अशी अवस्था कारणाच्या प्रमाणाबाहेर वाढली, आठवडे लोटले तरी हटेना, आणि झोप, भूक, काम, अभ्यास, माणसांत मिसळणे यांत अडथळा आणू लागली, की वैद्य तिला आजार समजतात.

असे आजार काही निवडक घरांतच होतात, हाही भ्रम आहे. बंगलोरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मोठी पाहणी केली. (आपले महाराष्ट्र त्या बारांत नव्हते, पण माणसाचे मन राज्याची सीमा पाहून आजारी पडत नाही.) तीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांस, म्हणजे दहांत एकाहून किंचित अधिक जणांस, त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार आढळला. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत हे प्रमाण शेकडा सातांच्या वर होते. चाळीस मुलांच्या एका वर्गाचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. याच पाहणीत असेही दिसले, की बहुतेक विकारांत शेकडा सत्तर वा त्याहून अधिक रोग्यांस काहीच उपचार मिळत नव्हते.

हे आजार होतात कशाने? एका शब्दात उत्तर देणारा मनुष्य बहुधा अज्ञानी तरी असतो किंवा त्यास काही विकायचे तरी असते. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, बालपणीचे आघात, दारिद्र्य, कर्ज, एकाकीपणा, व्यसन, अशी अनेक कारणे एकत्र येतात. काही वेळा मात्र कारण शरीरात अगदी स्पष्ट सापडते, आणि याचे एक उदाहरण आपल्या ताटाशी निगडित असल्यामुळे थोडे विस्ताराने देतो.

'पेलाग्रा' नावाचा एक रोग आहे. यात उन्हाला उघड्या असणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती व हातांवर, काळसर चट्टे पडतात, हगवण लागते, आणि पुढे पुढे मनुष्य उदास, चिडका, भ्रमिष्ट होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत हा रोग इतका होता, की तेथील वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी मोठ्या संख्येने असत. डॉक्टर गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून पुढे दाखवून दिले, की हा संसर्ग नव्हे, आहारातील उणीव आहे. १९३७ साली ती उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची असल्याचे ठरले. पुढे १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संस्थेतील डॉक्टर गोपालन व श्रीकांतिया यांनी लक्ष वेधले, की आपल्या दख्खनेत मका न खाणाऱ्या, केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळतो. यावरून ज्वारीची भाकरी टाकून द्यावी असे कोणी समजू नये. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, भाजी असली की ही आपत्ती येत नाही. कोरड्या भाकरीवर ज्यांस वर्ष काढावे लागते त्यांच्या वाट्याला ती येई. ज्या स्त्रीला गाव झपाटलेली म्हणत असे, तिला कधी कधी केवळ एका जीवनसत्त्वाची गरज असे! गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तरीही मनुष्य सुस्त व उदास होतो. म्हणून चांगला मनोविकारतज्ज्ञ आधी रक्ताची तपासणी सांगतो, यात त्याचे अज्ञान नसून शहाणपण असते.

बहुतेक मनोविकारांत मात्र असा एकच धागा हाती लागत नाही. त्यांतील चार प्रमुख विकार येथे सांगतो. पहिला नैराश्याचा. यात मनुष्य रडतोच असे नाही. पुष्कळदा तो गप्प होतो. पहाटे तीन वाजता जाग येते, जेवणाची चव जाते, बैलाला वैरण टाकणेही डोंगराएवढे वाटते, आणि आपण घराला ओझे झालो असे मनात घोळू लागते. आपल्याकडचा बाप माणूस "मी उदास आहे" असे म्हणत नाही. तो "डोके जड आहे, अंगात त्राण नाही" असे म्हणतो, आणि गोळ्या घेऊन परत येतो. दुसरा उन्मादाचा: आठवडेच्या आठवडे झोप न घेता मनुष्य उल्हासाने भरून वाहतो, अफाट बोलतो, अफाट खर्च करतो; नंतर हाच मनुष्य नैराश्याच्या खोल विहिरीत उतरतो. तिसरा मंत्रचळ. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्यास हा शब्द आपल्याकडे पूर्वापार लावीत. एकच विचार नको असता पुन्हा पुन्हा येतो, आणि तो शमविण्यासाठी एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. वर सांगितलेल्या मुलास हाच विकार होता.

चौथा विकार स्किझोफ्रेनिया, ज्यास मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. एका शरीरात दोन माणसे राहतात असा याचा अर्थ चित्रपटांनी करून दिला आहे, तो चूक आहे. यात विचारांची सांगड तुटते. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात. शेजारी विष घालतो आहे असा पक्का संशय बसतो. आणि हळूहळू मनुष्य आंघोळ, काम, बोलणे सर्व टाकून कोपऱ्यात बसतो. शंभर माणसांत सुमारे एकास आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो, आणि तो बहुधा ऐन तारुण्यात, शाळा संपून कॉलेज सुरू होण्याच्या वयात, डोके वर काढतो. आपल्या मुलांना अचानक "लागिर झाले" असे जे म्हणतात, त्यांतील अनेकांची हकीकत याच वयातली असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या विकारासंबंधी मराठीत 'देवराई' नावाचा चित्रपट २००४ साली निघाला. तो पालकांनी मुलांसह पाहण्यासारखा आहे. पुण्यात रोग्यांच्या नातलगांना एकत्र आणणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था डॉक्टर जगन्नाथ वाणी यांनी स्थापिली. ते कॅनडात गणिताचे प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. स्वतःचे दुःख लपवून ठेवणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी ते लपविले नाही.

उपचारांचा इतिहास वाचताना आमच्या अंगावर काटा येतो, हे कबूल केले पाहिजे. एके काळी रोग्याच्या अंगात हिवतापाचे जंतू मुद्दाम घालीत. एका विशिष्ट रोगात तापाने गुण येई, आणि या शोधाबद्दल व्हिएन्नाच्या वॅग्नर-यॉरेग यांना १९२७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. इन्सुलीन देऊन रोग्यास बेशुद्ध करीत. मेंदूचा पुढील भाग शस्त्राने विलग करीत. त्यालाही १९४९ साली नोबेल मिळाले, पण अनेक रोगी त्यानंतर जिवंतपणी निर्विकार पुतळे झाले. विद्वानांची सभा मान डोलावते म्हणून प्रत्येक उपाय बरोबरच असतो असे नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यावरून ध्यानी घ्यावे.

औषधांचे युग त्यानंतर आले आणि त्याचा एक आरंभ आपल्याच देशात झाला. सर्पगंधा ही वनस्पती वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर व रक्तदाबावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तिच्यातील सत्त्व पाश्चात्त्य देशांतील मनोरुग्णालयांतही वापरले गेले. आज त्याहून चांगली औषधे आल्यामुळे ते मागे पडले आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांना उन्मादावर लिथियमचा गुण दिसला, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझीनने वर्षानुवर्षे कोंडलेले रोगी शांत होऊन बोलू लागले. आजची औषधे याच वंशातील होत.

या औषधांविषयी पालकांच्या मनात जे प्रश्न असतात ते आम्हांस अनेकदा विचारले जातात. "मास्तर, सवय तर नाही लागणार?" झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या वैद्याच्या चिठ्ठीवाचून कधीच घेऊ नयेत, परंतु नैराश्यावरील व स्किझोफ्रेनियावरील औषधे तशी नव्हेत, मात्र ती एकाएकी बंद करणे घातक असते. "आठवडा झाला, गुण का नाही?" नैराश्यावरील औषधास गुण दाखविण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिक, लागतात, आणि येथेच बहुतेक घरांत औषध सुटते. "बरा झाला, आता कशाला?" बरा वाटल्यावरही वैद्य सांगेल तितके महिने ते चालवावे लागते. कापसावरची कीड दिसेनाशी झाली म्हणून शेतकरी शेताकडे पाहणे सोडीत नाही. विजेच्या झटक्यांचे नाव काढताच लोक घाबरतात. १९३८ साली रोममध्ये हा उपाय निघाला तेव्हा तो शुद्धीवर असलेल्या रोग्यास देत. आता भूल देऊन व स्नायू सैल करूनच तो द्यावा असा कायदा आहे, आणि जीवघेण्या नैराश्यात तो अद्याप अत्यंत परिणामकारक ठरतो.

औषधाइतकाच दुसरा उपाय बोलण्याचा आहे. हे बोलणे म्हणजे उपदेश नव्हे. मनातील विचार तपासून त्यांतील विपरीत कोणते, हे रोग्याला स्वतःच ओळखावयास शिकविणे, ही त्याची पद्धत होय. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची ही विचारसरणी प्राध्यापक कि. मो. फडके यांनी मराठीत सोपी करून घरोघरी नेली. मंत्रचळावरील उपचार तर फार कुतूहलाचा आहे. ज्याची भीती वाटते ती वस्तू रोग्याने मुद्दाम हाती घ्यावयाची, आणि त्यानंतर हात धुवावयाचे नाहीत. भीती प्रथम वाढते, शिगेला पोचते, आणि मग, काहीही न करता, आपोआप उतरू लागते. हे दररोज, पायरी पायरीने, करावयाचे असते.

तिसरा उपाय घरच्यांच्या हाती आहे. लंडनमधील जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की स्किझोफ्रेनियाचा रोगी बरा होऊन ज्या घरी परतला, त्या घरात त्याच्यावर सतत टीका व चिडचिड होत असेल तर आजार पुष्कळ लवकर उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत तुलना केली, तेव्हा आग्र्याचे रोगी पुष्कळ श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षा अधिक सुधारलेले दिसले. याच्या कारणांविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे; तरी घरात माणसे असणे व रोग्याला झेपेल असे काम असणे यांचा त्यात वाटा असावा, असे आम्हांस वाटते. चुलीपाशी लसूण सोलत बसलेली आत्या, जी कोणाला काही विचारत नाही, ती कित्येकदा अर्धा उपचार असते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपल्याकडे अशा रोग्यास प्रथम देवऋषीकडे, अथवा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात. श्रद्धेने कोणी कोठे जावे यावर आम्ही बोलणार नाही. दुःखी माणसास तेथे जो दिलासा मिळतो तो खोटा आहे असेही म्हणणार नाही. आमची तक्रार दोनच गोष्टींविषयी आहे. एक म्हणजे साखळदंड व मारहाण. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका झोपडीवजा निवासास आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांस पळता आले नाही. २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णास साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. एक अमावास्या, दुसरी अमावास्या, असे करता करता वर्ष जाते. आणि उपचार जितका उशिरा सुरू होतो तितका तो अवघड होतो. आमच्या ख्रिस्ती घरांत काही निराळे घडते असे मात्र कोणी समजू नये. तेथे देवऋषी नसतो; परंतु "तुमची प्रार्थना कमी पडली, विश्वास कमी पडला," असे सांगून आजारी माणसाच्या माथी आणखी एक पाप मारणारे असतात. मधुमेहाच्या रोग्यास असे कोणी म्हणत नाही. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी. एकीमुळे दुसरीस बाध येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय जीवनमरणाचा का आहे, हे शेतकरी पालकांस सांगावयास नको. पाऊस हुकला, मोसंबीच्या बागा वाळल्या, कर्ज थकले, की काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची सर्व कारणे मनात नसतात. बाजारभाव व पाणी यांचा उपाय दवाखान्यात होत नाही. तरीही त्या शेवटच्या काळात अनेकांना नैराश्याचा उपचार होणारा आजार जडलेला असतो. म्हणून शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. गावची आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करते व गरजूस जिल्हा रुग्णालयाकडे पाठवते. ती आली तर तिला दारातूनच "सगळे ठीक आहे" म्हणून परत लावू नये. कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्यास सरळ विचारावे, "जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने विचार सुचतो, हा समज चूक आहे, विचारल्याने बहुधा मोकळे होता येते. त्यास एकटे सोडू नये, आणि फवारणीचे औषध घरात असेल तर ते त्याच दिवशी कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून क्रमाक्रमाने बंदी आली, आणि आत्महत्यांचे प्रमाण पुढील वर्षांत मोठ्या मानाने उतरले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरावे व त्यास शिक्षा न करता साहाय्य द्यावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, मराठीत, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आपल्यासाठी नसेल तर बाकावरच्या सोबत्यासाठी उपयोगी पडेल.

रस्त्यावर फाटक्या वस्त्रांत भटकणारे रोगी दिसतात, त्यांचेही एक वाक्य राहिले. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉक्टर भरत वाटवाणी अशांस उचलून नेतात, औषध देतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना गावाचे नाव विचारून घरी पोचवितात; या कामाबद्दल त्यांस २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्यास आपण गाव नसलेला समजतो त्यास गाव असते, आणि बहुधा तेथे त्याची वाट पाहणारे कोणी असते.

आता त्या मुलाची गोष्ट. आम्ही ढोंग म्हटल्यावर वडिलांनी त्यास शाळेतून काढले. देवऋषीकडे तीन फेऱ्या झाल्या, दोन बकऱ्या विकल्या. घरचा पाण्याचा रांजण त्याच्यामुळे दुपारपर्यंत रिकामा होई, आणि ते दुष्काळाचे दिवस होते. त्यावरून मार बसे. दोन वर्षे अशी गेली. शेवटी त्याच्या मामांनी, जे एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडण्याचे काम करीत, त्यास मोठ्या शहरातील सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात नेले. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यासोबत अभ्यास: गोठ्यातील दोरीला हात लावावयाचा आणि अर्धा तास हात धुवावयाचे नाहीत. आईने घड्याळ घेऊन शेजारी बसावयाचे, पण "काही होणार नाही" असे म्हणावयाचे नाही, कारण तो दिलासाही धुण्यासारखाच असतो असे तेथील डॉक्टरांनी बजावले होते. ती माउली अर्धा तास गप्प बसे. पुढे तिने आम्हांस सांगितले, की मुलाला जेवढे कठीण गेले तेवढेच तिला ते गप्प बसणे कठीण गेले.

दहावीची परीक्षा त्याने बाहेरून दिली. प्रश्नपत्रिका पूर्ण सोडविली नाही, पण उत्तीर्ण झाला. औषध अद्याप थोडे चालू आहे. आज तो मोसंबीच्या एका अडत्याकडे हिशेब लिहितो. गेल्या हंगामात आम्ही बाजारात गेलो असता त्याने हाक मारून बसविले, चहा मागविला, आणि बोलता बोलता आवकीची वही लिहीत राहिला. एका ओळीत सातचा आकडा किंचित वाकडा पडला होता. त्याने त्याकडे पाहिले, क्षणभर लेखणी थांबली, आणि तो पुढच्या ओळीवर गेला.